नको असलेले आवाज

तिकडे, परदेशात, हा सिनेमा संपल्यावर लोक उभे राहिले होते.
एका बाईनं माझा हात धरला
आणि सोडायचं विसरूनच गेली.
"इतकं दारिद्र्य, तरी इतकं प्रेम!"
मी मान हलवली. मला वाटलं, मलाही कळतंय.

आता फिरोजाबाद. जूनमधली रात्र.
काच कारखान्याच्या मागच्या भिंतीला पडदा:
दोन चादरी शिवून एक केलेली,
मधली शिवण नायिकेच्या नाकावरून जाते.
पुढे पोरं, मग बाया,
भट्टीवरून तडक आलेले पुरुष
भिंतीला पाठ लावून, कुणी बसायला तयार नाही.

नायिका ज्योतीवर बांगडीची टोकं सांधते.
डोक्यावर पंखा गरगरतो,
तिची बट हलते, सारंगी वाजते.
तिकडे इथं लोकांनी श्वास रोखला होता.
इकडे हशा.
"अगं बाई, पंखा!"
"पंखा लावून झलाई!"
शेजारच्यानं मला समजावलं,
लहान मुलाला सांगावं तसं, सावकाश:
वारा आला की ज्योत कलते, टोक चुकतं.
एका तोड्यात तीनशेवर बांगड्या.
जूनमध्येसुद्धा पंखा बंद. दारसुद्धा.

मग नायक तिला भेट आणतो. लाल बांगड्या, डझनभर.
आमच्या दिग्दर्शकाचा जीव की प्राण हा प्रसंग.
छिद्दू चाचांना ठसकाच लागला.
"मासोळीला पाणी घेऊन आले जावईबापू!"
आणि बिट्टन म्हातारी, खरंच काळजीनं:
"ह्या तिनंच जोडल्यात,
हे त्याला कुणी सांगितलं नाही का?
बर्फ आण म्हणावं. पावशेर बर्फ."

मरणाच्या प्रसंगाला कुणी रडलं नाही.
पोरं तोवर झोपली होती.
एकजण एवढंच बोलला, डॉक्टर फार लवकर आला.

शेवटाकडे नायक गल्लीतून पळतो.
मागे एका उंबऱ्यावर एक बाई बसलेली.
चार सेकंद.
आम्ही तिला बसवलं नव्हतं, ती होतीच.
"अम्मी."
फरहीन उठून उभी राहिली,
तिची सावली अर्ध्या पडद्यावर पडली
आणि कुणीही तिला खाली बस म्हटलं नाही.
मागे घ्या. घेतलं.
पुन्हा.
आणखी एकदा.
नायक बिचारा तीनदा धावला,
त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.
भिंतीजवळचे पुरुष तेवढ्यात खाली बसले होते.

मी वायरी गुंडाळत होतो तेव्हा ती आली.
"आवाजवाले तुम्हीच ना?
ह्यात तिचा खोकला कुठाय?"

होता.
मीच काढला होता, एका दुपारी,
थंडगार खोलीत बसून,
तांदळातला खडा काढावा तसा,
आणि त्या जागी चिमण्या भरल्या होत्या.
फेकलं मात्र काही नव्हतं. आमच्या धंद्यात फेकत नाहीत.
तो कप्पा अजून माझ्याजवळ आहे,
नाव मीच दिलंय: नको असलेले आवाज.
त्यात कुत्री, स्कूटर, जनरेटर,
माझी स्वतःची एक शिंक,
आणि हमीदन,
अकरा सेकंद.

हेडफोन तिच्या डोक्याला मोठे झाले.
दोन्ही हातांनी तिनं ते दाबून धरले,
बोटांवर भाजल्याचे जुने ठिपके.
मी पडद्याकडे बघत राहिलो,
तो आता नुसत्या दोन चादरी होता.
"पुन्हा लावू?"

तिनं हेडफोन काढले.
वायर बोटांभोवती गुंडाळली, घट्ट,
तोडा बांधतात तशी गाठ मारली,
माझ्या हातात दिली.

"हा सकाळचा आहे," म्हणाली.
"रात्रीचा वेगळा होता."